खंदकातील धर्मगुरू : रेव्हरंड थिओडोर बेली हार्डी

बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राच्या मैदानावर नव्या जवानांचा शपथविधी होतो, तेव्हा समोर राष्ट्रध्वज असतो, अधिकारी असतात आणि धर्मग्रंथासह उभे असलेले धर्मशिक्षकही असतात. समारंभास आलेल्या आईबापांची दृष्टी आपल्या मुलावर खिळलेली असते. धर्मशिक्षकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः पुढे तो मुलगा इस्पितळात पडला तर त्याच्या खाटेशी येऊन बसणारा, तो चुकून शिक्षेस पात्र झाला तर कोठडीत त्याची भेट घेणारा आणि दुर्दैवाने प्रसंग ओढवलाच तर त्याच्यावर अंत्यसंस्कार करणारा मनुष्य हाच असतो. नायब सुभेदाराच्या हुद्द्याने तो सैन्यात दाखल होतो. जवान त्याला ‘पंडितजी’ म्हणून हाक मारतात.

देवस्थानाशी पिढ्यान्‌पिढ्या निगडित असलेल्या घराण्यांना हे पद ओळखीचे वाटावे आणि तितकेच परकेही वाटावे. ओळखीचे अशासाठी की देवकार्य हाच त्याचा आधार. परके अशासाठी की या धर्मसेवकाला ना वतन, ना परंपरागत हक्क, ना पालखीपुढे चालण्याचा मान. पलटण जाईल तेथे त्याचे देऊळ जाते. ती खंदकात उतरली तर देऊळही खंदकातच उतरते.

सैन्यातील धर्म हा केवळ सणासुदीचा विषय नव्हे, हे पहिल्या महायुद्धात आपल्याकडील पलटणींनी फार कठोर रीतीने अनुभवले. मेसोपोटेमियात कुत येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी डिसेंबर १९१५ मध्ये वेढा घातला. त्या वेढ्यात १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस शिजवण्याची वेळ आली आणि हिंदू व मुसलमान जवानांनी ते खाण्यास नकार दिला. जनरल टाउनशेंडने हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांकडून बिनतारी संदेशाद्वारे अनुज्ञा मागवली. ती आली, तरीही कित्येक जवान आठवडेच्या आठवडे उपाशी राहिले. घरी परतल्यावर बिरादरी काय म्हणेल, या विचारापुढे तारेने आलेली आज्ञा अपुरी पडली. धर्माचा शब्द दुरून यावा आणि त्याने पोटाची आग शमावी, असे घडत नाही. तो शब्द सांगणारा मनुष्य शेजारी, त्याच उपासमारीत बसलेला असावा लागतो.

कुतची सुटका करण्यासाठी जी फौज टायग्रिस नदीच्या काठाने झगडत होती, तिने ९ एप्रिल १९१६ रोजी सन्नाइयात येथे हल्ला केला. तो फसला आणि २९ एप्रिलला कुत पडले. त्या फसलेल्या हल्ल्यात विल्यम ॲडिसन नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने गोळ्यांच्या वर्षावात जखमी उचलून आणले व त्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शौर्याचे हे सर्वोच्च पदक त्या महायुद्धात ज्या तीन पाद्र्यांना लाभले, त्यांतला हा एक. दुसरा नोएल मेलिश. तिसरे रेव्हरंड थिओडोर बेली हार्डी. तिघांत वयाने वडील हार्डीच, आणि हौतात्म्यही त्यांच्याच वाट्याला आले. प्रपंच आणि परमार्थ या दोहोंचा ताण एकाच आयुष्यात कसा पेलला जातो, हे पाहण्यासाठी त्यांचे चरित्र अभ्यसनीय आहे.

हार्डींचा जन्म २० ऑक्टोबर १८६३ रोजी नैर्ऋत्य इंग्लंडमधील एक्झिटर या शहरी झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. लंडनमध्ये शिक्षण घेऊन त्यांनी तेथील विद्यापीठाची पदवी संपादन केली. त्यापूर्वीच, १८८८ साली, त्यांचा विवाह झाला होता. पत्नीचे नाव फ्लॉरेन्स. एक मुलगा व एक मुलगी असा हा चौघांचा संसार. १८९१ पासून सोळा वर्षे ते नॉटिंगहॅम हायस्कुलात शिक्षक होते. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला डी. एच. लॉरेन्स याच काळात त्या शाळेचा विद्यार्थी होता. शिक्षकी करीत असतानाच हार्डींनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. वयाची पस्तिशी तेव्हा आली होती. अर्थात धर्मसेवा हा त्यांच्या बाबतीत तारुण्यातला आवेग नव्हता. विचार करून, संसारात राहून, पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळून घेतलेले ते व्रत होते. दिवसा शाळा आणि मोकळ्या वेळात एखाद्या गरीब वस्तीतील चर्चचे काम, असा क्रम त्यांनी कित्येक वर्षे चालवला.

१९०७ साली यॉर्कशायरमधील बेंथॅम येथील शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांच्याकडे आले. शिक्षकाच्या आयुष्यात याहून मोठी प्रतिष्ठा ती कोणती? परंतु फ्लॉरेन्सबाईंची प्रकृती ढासळू लागली. तेव्हा १९१३ मध्ये त्यांनी मुख्याध्यापकपद सोडले आणि वेस्टमोरलंडच्या डोंगराळ मुलखातील हटन रूफ नावाच्या एका लहानशा खेड्याचे धर्मोपदेशकपद पत्करले. निवांत खेडे, बेताचे काम आणि पत्नीजवळ बसण्यास वेळ. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, हाताखाली शाळा असताना, गृहस्थाने असा मार्ग स्वीकारणे सोपे नाही. हार्डींच्या छातीवर पुढे तीन पदके लागली. त्यांच्या चरित्रकथनात त्या पदकांनाच अग्रमान मिळतो व हा १९१३ सालचा त्याग दोन ओळींत आटोपला जातो. हे योग्य नव्हे. आजारी मनुष्याच्या उशाशी बसून राहणे म्हणजे काय, हे ते रणांगणावर शिकले नाहीत. हा पाठ त्यांनी घरात गिरवला होता.

जून १९१४ मध्ये फ्लॉरेन्सबाई निवर्तल्या. सव्वीस वर्षांचा सहवास संपला. त्यानंतर दोन महिने उलटण्यापूर्वीच युरोपात महायुद्धाचा भडका उडाला.

मुलगा डॉक्टर होऊन सैन्याच्या वैद्यकीय दलात गेला. मुलगी रेड क्रॉसच्या सेवेत दाखल होऊन फ्रान्समध्ये डंकर्क येथे शुश्रूषेचे काम करू लागली. हटन रूफच्या त्या घरात वडील एकटेच उरले. खेड्यातील तरुण एकेक करून भरती होत होते. ज्यांना शाळेत शिकवले असे विद्यार्थी आघाडीवर होते. हार्डींनी सैन्यात धर्मगुरू म्हणून घ्यावे असा अर्ज केला. वय फार झाले म्हणून तो नाकारला गेला. त्यांनी पुन्हा अर्ज केला. पाद्री म्हणून नको असेल तर निदान जखमींचे स्ट्रेचर वाहणारा म्हणून तरी जाता यावे, या हेतूने त्यांनी त्या कामाचे शिक्षणही घेतले. अखेर १९१६ मध्ये, त्रेपन्नावे वर्ष पुरे होण्याच्या सुमारास, त्यांची निवड झाली.

युद्ध सुरू झाले तेव्हा इंग्रजी सैन्यात सर्व मिळून ११७ धर्मगुरू होते. युद्ध संपताना ही संख्या साडेतीन हजारांच्या घरात गेली. संख्या वाढली तरी त्यांनी नेमके करावयाचे काय, हा प्रश्न बराच काळ अनिर्णित होता. आरंभी अँग्लिकन पाद्र्यांना आघाडीच्या खंदकात जाण्यास मज्जाव असे. त्यांनी मागे राहावे, रविवारी प्रार्थना घ्यावी, इस्पितळात फेरी मारावी, मृतांचे दफन करावे, अशी व्यवस्था होती. याचा परिणाम व्हायचा तोच झाला. रात्रंदिवस चिखलात व तोफांखाली राहणाऱ्या शिपायांना, स्वच्छ गणवेशात येऊन धैर्याचा उपदेश करणाऱ्या पाद्र्याविषयी आदर वाटेना. पुष्कळांनी तसे उघड लिहूनही ठेवले आहे. रोमन कॅथलिक पाद्री मरणोन्मुखास अंतिम संस्कार देण्यासाठी पुढे जात. त्यांच्याशी तुलना होऊन अँग्लिकनांची मान अधिकच खाली जाई. धर्म एक आणि उपदेशक सुरक्षित जागी, ही अवस्था कोणत्याही समाजात उपदेशाचे तेज घालवते. आपल्याकडेही पूजा सांगणारे पुष्कळ आढळतात. यजमानाच्या घरी साथीचा आजार शिरला असता उंबरठा ओलांडणारा एखादाच.

फ्रान्समध्ये आल्यावर हार्डींची गाठ स्टडर्ट केनेडी या तरुण पाद्र्याशी पडली. ‘वुडबाइन विली’ या टोपणनावाने हा मनुष्य शिपायांत प्रसिद्ध होता. वुडबाइन ही त्या वेळची स्वस्त सिगारेट. ती तो मुक्तहस्ते वाटत असे. हार्डींनी आपल्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या या सहकाऱ्याला विचारले की काम करावे तरी कसे? केनेडीच्या सल्ल्याचा आशय असा होता : शिपायांबरोबर राहा. ते जातील तेथे जा. आघाडीवर त्यांच्या सोबत असाल तर मागे विश्रांतीस आल्यावर ते तुमचे ऐकतील, एरवी नाही. सोळा वर्षे शिक्षक आणि सहा वर्षे मुख्याध्यापक असलेल्या गृहस्थाने हा सल्ला विद्यार्थ्याच्या नम्रतेने ऐकला व पुढील दोन वर्षे अक्षरशः पाळला.

डिसेंबर १९१६ मध्ये लिंकनशायर रेजिमेंटच्या आठव्या पलटणीकडे त्यांची रवानगी झाली. सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची आठवी पलटणही त्याच ब्रिगेडमध्ये होती व तिचेही काम ते पाहत. शरीराने किरकोळ, स्वभावाने संकोची, मोठ्याने बोलण्याची सवय नाही. अशा या वयस्क पाद्र्याचे पलटणीत कसे निभावणार, अशी शंका कोणालाही यावी. व्यासपीठावरून गाजणारे वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हते. रात्र पडली की खांद्याच्या पिशवीत सिगारेटी आणि गोड गोळ्या भरून ते आघाडीच्या ठाण्यांची फेरी सुरू करीत. अंधारात पावले वाजली की पहाऱ्यावरचा शिपाई बंदूक सरसावणार, तोच हलक्या आवाजात शब्द येत, ‘मीच आहे रे.’ हे शब्द पुढे त्या पलटणींत हार्डींची खूणच होऊन बसले. एवढे बोलून ते खाली बसत, सिगारेट देत, घरची खुशाली विचारीत. उपदेश करीतच, असे नाही. घरून आलेल्या पत्राविषयी, मुलाबाळांविषयी बोलायला समोर स्वतः संसार केलेला, बायको गमावलेला, मुले युद्धावर पाठवलेला मनुष्य बसलेला आहे, याचे महत्त्व शिपाई जाणून होते. अविवाहित संन्याशाचे तेज वेगळे आणि प्रापंचिकाची समजूत वेगळी.

१९१७ साली बेल्जियममधील ईप्रच्या परिसरात तिसरी मोठी लढाई झाली. संततधार पाऊस व तोफांचे खड्डे यांमुळे सारी भूमी म्हणजे एक अथांग दलदल झाली होती. माणसे, खेचरे, तोफा त्यात रुतून नाहीशी होत. एका रात्री काही शिपाई दोन्ही सैन्यांच्या ठाण्यांमधल्या चिखलात अडकून पडले. त्यांना सोडवण्यासाठी निघालेल्या तुकडीबरोबर हार्डी आपण होऊन गेले. एक सोडून सर्व हाती लागले. त्या उरलेल्या एकासाठी हार्डींनी पुन्हा माणसे जमवली आणि शत्रूच्या बंदुका अगदी जवळून चालू असताना त्याला सोडवण्यासाठी रात्रभर प्रयत्न केले. या सुमारास त्यांचा एक हात मोडलेला होता व तो काठ्यांनी बांधलेला होता. या कृत्याबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस, भडिमारात वारंवार जखमी शोधून काढल्याबद्दल व स्ट्रेचरवाल्यांना मार्ग दाखवल्याबद्दल मिलिटरी क्रॉसही मिळाला. पदकांची स्तुती झाली की ते अवघडून जात.

२१ मार्च १९१८ रोजी जर्मनांनी पश्चिम आघाडीवर निर्वाणीची चढाई केली. इंग्रजी सैन्य अनेक मैल मागे रेटले गेले. एप्रिल महिन्यात हार्डींच्या पलटणी बुक्वा या गावाच्या परिसरात व त्याजवळच्या रोसिन्योल वनात झुंजत होत्या. येथे ज्या घटना घडल्या त्यांचा तपशील व्हिक्टोरिया क्रॉसच्या सरकारी निवेदनात, ११ जुलै १९१८ च्या लंडन गॅझेटमध्ये, प्रसिद्ध झाला आहे. तो पाहण्यासारखा आहे.

उद्ध्वस्त गावातील शत्रूच्या एका ठाण्यावर गस्तीची तुकडी गेली होती. हार्डी कंपनीच्या ठाण्यात बसले होते. गोळीबाराचा आवाज ऐकताच ते उठून तुकडीच्या मागे निघाले. आपल्या आघाडीपासून सुमारे चारशे यार्ड पुढे एक अधिकारी प्राणघातक जखमी होऊन पडलेला त्यांना आढळला. एकट्याने उचलणे त्यांना शक्य नव्हते. मदत येईपर्यंत ते तेथेच त्याच्याजवळ राहिले. मधल्या वेळात शत्रूची एक गस्त त्यांच्या व इंग्रजी आघाडीच्या मध्ये शिरली आणि तिने तीन शिपाई पकडून नेले. हार्डी परतीची वाट तुटलेली असताना जखमीपाशी बसून होते.

दुसऱ्या प्रसंगी एका ठाण्यावर तोफगोळा पडून माणसे ढिगाऱ्याखाली गाडली गेली. भडिमार चालू असतानाच हार्डी तेथे पोहोचले व माती उपसू लागले. डोक्यावर एक खिळखिळी भिंत होती, ती केव्हाही कोसळली असती. पूर्णपणे गाडला गेलेला एक शिपाई त्यांनी जिवंत बाहेर काढला. दुसऱ्यालाही काढले, पण त्याचा प्राण गेला होता.

तिसरा प्रसंग वनातला. त्या दिवशी चढाई यशस्वी होऊनही अखेर पलटणीला माघार घ्यावी लागली. आपले सर्वजण वनातून बाहेर आले असा समज झाला होता. तेवढ्यात हार्डी झाडीतून बाहेर येताना दिसले. ते एकटे होते आणि मदत मागायला आले होते. एक जखमी आत राहिला आहे, म्हणाले. एका सार्जंटला सोबत घेऊन ते परत आत गेले. जखमी जेथे पडला होता तेथून सिमेंटच्या बुरुजापर्यंतचे अंतर अवघे दहा यार्ड. तो बुरूज सकाळी इंग्रजांनी जिंकलेला, पण आता पुन्हा जर्मनांच्या ताब्यात होता. जखमीला उभे राहवत नव्हते. दोघांनी मिळून त्याला आणले.

या साऱ्यात हार्डींच्या हाती शस्त्र नव्हते. शत्रूचा एकही मनुष्य त्यांनी मारला नाही. तिन्ही प्रसंगांत त्यांनी जे केले त्याचे स्वरूप एकच होते. सोडून जाण्याची वेळ आली असताना ते राहिले, अथवा निघून आल्यावर परत गेले.

९ ऑगस्ट १९१८ रोजी फ्रान्समध्ये, तिसऱ्या सेनेच्या ठाण्यावर, राजे पाचवे जॉर्ज यांनी स्वहस्ते त्यांच्या छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस लावला. त्या समारंभास डंकर्कहून त्यांची कन्या आली होती. आईविना झालेल्या त्या घरातील दोघांची ही भेट सैनिकांच्या रांगांसमोर घडली. सप्टेंबरमध्ये राजांनी त्यांची स्वतःच्या धर्मगुरूंमध्ये नेमणूक केली. चौपन्न वर्षांचे वय, तीन पदके, दोन वर्षांची अखंड सेवा आणि वर राजाश्रय. मायदेशी परतण्यास याहून सन्मानाचे निमित्त मिळाले नसते, आणि कोणी बोटही दाखवले नसते. युद्धाचा शेवटही आता दिसू लागला होता. मुलांच्या दृष्टीने पाहता वडिलांनी परत यावे हेच रास्त होते. आई गेली, निदान वडील तरी उरावेत, ही अपेक्षा कोणती संतती करणार नाही? येथे हार्डींचा निर्णय सर्वांना पटेलच असे नाही. १९१३ साली ज्याने घरासाठी शाळा सोडली, त्याने १९१८ साली पलटणीसाठी घर दूर ठेवले. मुलगा आणि मुलगी दोघेही स्वतः युद्धसेवेत होती, एवढाच काय तो यातला दिलासा. परंतु ज्यांच्याजवळ दोन वर्षे रात्री बसलो, ती पोरे अजून खंदकात असताना आपण निघून जावे, हे त्यांच्या मनाने घेतले नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जर्मन सैन्य मागे हटत होते व इंग्रज सेल नदीपर्यंत पोहोचले होते. ब्रियास्त्र गावाजवळ नदीवर फळ्यांचा तात्पुरता पूल घातलेला होता. रात्रीच्या वेळी सॉमरसेट पलटणीच्या शिपायांबरोबर हार्डी तो ओलांडत असता मशीनगनची गोळी त्यांच्या मांडीत लागली. त्यांना मागे रूआँ येथील इस्पितळात हलवण्यात आले. जखमेपाठोपाठ न्यूमोनिया झाला. ज्याने शेकडो खाटांशी बसून काढल्या, तो आता स्वतः खाटेवर होता.

१८ ऑक्टोबर १९१८ रोजी हार्डींनी देह ठेवला. दोन दिवसांनी त्यांना पंचावन्न वर्षे पुरी झाली असती, आणि चोवीस दिवसांनी तोफा थांबल्या. रूआँच्या सेंट सेव्हर दफनभूमीत, शिपायांच्या ओळीतच, इतरांच्यासारख्याच पांढऱ्या शिळेखाली त्यांची समाधी आहे. कार्लाइलच्या कॅथीड्रलमध्ये त्यांचे स्मारक आहे, तसे ते हटन रूफच्या लहानशा चर्चमध्येही आहे. आजारी पत्नीसाठी निवडलेल्या त्या खेड्याचा धर्मोपदेशक हे पद त्यांनी फ्रान्समध्ये असतानाही सोडलेले नव्हते.